पालखी टेकेपर्यंत

कोल्हापूरचे सण नुसत्या वाद्यांतून ऐकवायचे, शब्द एकही नाही, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी संपल्यावर. तीन वर्षं लिहीत होतो. रंगपंचमी व्हायोलिनांना दिली, दसऱ्याचं सोनं लुटायला ट्रम्पेट, गणपतीला ढोल, आणि शेवटी जोतिबाची चैत्र यात्रा. तिथं खरी हलगीच पाहिजे, यावर मी हटून बसलो. हलगीचं काम ड्रमवर भागत नसतं राव!

गडमुडशिंगीचे एक हलगीवाले मामा तयार झाले. साठी ओलांडलेली, पण मनगट अजून तरणं. बाहेरगावाहून आलेल्या चाळीस वादकांत ते फेटा बांधून बसले. माझा शेवट असा होता: हलगी टिपेला जाऊन एकदम बंद, आणि त्या शांततेत एकटी बासरी. हलगी थांबली नाही, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालमीत नेमकं तेच झालं. वाद्यवृंदाच्या संचालकांनी थांबायला हात वर केला, तर मामांना आणखीच चेव आला. संचालकांनी दोन्ही हात हलवले, तसे मामा उभेच राहिले! बासरी कुठल्या कुठं बुडाली. संचालक मला म्हणाले, "यांना काढा. आमचा ड्रमवाला वाजवेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांना बाहेर नेऊन खेकसलो, "अवो, थांबा म्हणून हात केलता की त्यांनी!"

"त्यो थांबायचा हात व्हय?" मामा चाट पडले. "मिरवणुकीत हात वर झाला की होऊ द्या जोरात! आन् पालखी टेकल्याबिगर हलगी थांबवायची न्हाय, बानं शिकवलंय. मला काढू नका मास्तर. सगळं घर ऐकायला येणार हाय."

मात्रा कागदावर मांडून दिल्या होत्या मी, आणि मामांनी जन्मात कधी कागद बघून वाजवलं नव्हतं. चूक माझीच होती. म्हटलं, "मामा, पालखी मी टेकवतो. माझ्याकडं बघा." मग संचालकांच्या हातापाया पडून एक संधी मागून घेतली.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. हलगी सुरू झाली, तेव्हा मी मामांना तेवढा दिसेन असा बाजूच्या पडद्याआड, खांद्यावर पालखीचा दांडा असल्यागत उभा होतो. संचालकांचा हात वर गेला आणि मी गुडघे वाकवत खाली खाली जाऊन जमिनीला टेकलो.

हलगी जागच्या जागी थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग बासरी आली, स्वच्छ, एकटी. सुटलो बाबा एकदाचा! मला रडू आवरेना.

टाळ्या संपल्या तरी मी खालीच, गुडघे धरलेले. हलगी बगलेत मारून मामा आले. आधी माझ्या रिकाम्या खांद्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. "चांगभलं," म्हणाले, आणि मग मला उठवलं.