मुराळी आला नाही ती दिवाळी

धनतेरसच्या दुपारपासून आमची गल्ली रिकामी व्हायला लागली. सुरतला डिंडोलीत आम्ही राहायचो त्या गल्लीत सगळे खान्देशचेच, कोणी शिरपूरकडचे, कोणी पारोळ्याचे, कोणी अमळनेरचे. दिवाळीला यंत्रमागाचे कारखाने भाऊबीजेनंतरच्या लाभपाचमपर्यंत बंद, त्यामुळे पगार हातात पडला की जो तो गाठोडं बांधून उधन्याच्या स्टेशनाकडे सुटायचा. रिक्षात पुढे बाप, मागे आई, मांडीवर पोर, पायाशी पत्र्याची पेटी, आणि पेटीवर आणखी एक पोर. मी दारात उभी राहून एकेका रिक्षाला हात करत होते. शेवटी समोरची कमल निघाली. तिने रिक्षा थांबवून मला म्हटलं, चल की गं आमच्यासोबत, नरडाण्यापर्यंत तर सोबत आहे. मी म्हटलं, तू हो पुढे, माझा मुराळी येणार आहे. तिचा नवरा गाडी चुकेल म्हणून ओरडायला लागला, तशी ती गेली. मी दार लोटून घेतलं आणि पोरांना हातपाय धुवायला सांगितलं.

मुराळी म्हणजे काय, हे माझ्या पोरांच्या पिढीला सांगावं लागतं. लग्न झालेली लेक सणाला माहेरी जाते ती आपल्या पायाने जात नाही, माहेरचं माणूस तिला न्यायला येतं. तो मुराळी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला तो येणारच. मला न्यायला माझे काका यायचे. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत पोरांसाठी शेंगा. सुरतच्या गर्दीला शिव्या देत ते आमची खोली शोधत यायचे, गूळपाणी घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन निघायचे. लग्नात माझी पाठवणी करताना माय रडत होती तरी एक गोष्ट बजावायला विसरली नाही. "लेवाले येवाबिगर माहेरनी पायरी चढानी नही, पोरी." न्यायला आल्याशिवाय माहेरची पायरी चढायची नाही, न बोलावता गेलेल्या लेकीला मान राहत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिचं पुष्कळसं ऐकलं नाही, पण हे ऐकलं.

नव्वद सालानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट आहे. माय आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. आबा तर मी शाळेत होते तेव्हाच गेले होते. त्यामुळे मागची दिवाळी आम्ही कोणीच केली नव्हती, आणि ही पहिलीच दिवाळी की घरात फक्त माझा धाकटा भाऊ बापू. वय ते काय, मिसरूड फुटून दोन-तीन वर्षं झालेली. काकांचे गुडघे धरलेले, त्यांना गाडीत चढणं होईना. दसरा झाल्यावर गावचा एक माणूस सुरतच्या पर्वत पाटियाला कामाला आला, त्याने निरोप आणला की बापूने सांगितलंय, ताईला म्हणा दिवाळीला ये. झालं. मी त्याच दिवशी पोरांचे कपडे शिवायला टाकले. बोलावणं आलं म्हणजे मागोमाग माणूस येणार, यात शंका घ्यायची मला गरजच वाटली नाही.

एकच गोष्ट माझ्या जिवाला लागून होती. मायच्या मागे मला कोणी न्यायला येतं की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. माझी खुशाली कोणी विचारो न विचारो, साडी मिळो न मिळो, त्याचं मला काही नव्हतं.

आमच्या ह्यांना सुट्टी नव्हती. मालकाने त्यांना कारखान्यावर राखण करायला ठेवलं होतं, म्हणून ते जेवायला घरी यायचे आणि परत जायचे. ते म्हणाले, मी तुम्हाला गाडीत बसवून देतो, बापूची वाट कशाला बघतेस, त्याला काय कळतंय. मी फणकारले. म्हटलं, तुमच्या बहिणीला तुम्ही असंच बसवून देता का? ते जेवून उठले आणि कारखान्यावर गेले.

मग दिवाळी सुरू झाली आणि मी रोज सकाळी दोन्ही पोरांना नवे कपडे घालून बसवायला लागले. मनीषा पाच वर्षांची, पप्पू तीनचा. कारखान्यातून मिळालेल्या एकाच तुकड्यातून तिचा फ्रॉक आणि त्याचा शर्ट शिवलेला, निळ्यावर पिवळी फुलं. पप्पू त्यात सोफ्याच्या खोळीसारखा दिसायचा. मामा कुठल्याही गाडीने येईल, म्हणून त्यांना खाली मातीत खेळू द्यायचं नाही, भिंतीला टेकू द्यायचं नाही. पोरं कंटाळली. मनीषा खाली गुजराती पोरांत वाढलेली, ती मला घडीघडी विचारायची, "मम्मी, मामा क्यारे आवशे?" मी म्हणायची, येईल, आज येईल.

आणि फराळ? मी केलाच नव्हता. शेव नाही, सांजोऱ्या नाहीत. माहेरी अजून वहिनी आलेली नाही, तर मीच जाऊन करीन, तिथल्या चुलीवर करीन, असा माझा बेत. डबे पालथे घालून ठेवले होते. घरमालकीण बा, गुजराती म्हातारी, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. तिने मठिया आणि घुघऱ्यांचं, म्हणजे त्यांच्या करंज्यांचं, ताट आणून दिलं म्हणून पोरांच्या तोंडाला दिवाळीची चव लागली. उलट त्या ताटात घालायला माझ्या घरात काहीच नव्हतं. आमच्यात रिकामं ताट कोणी परत करत नाही. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी त्यात मूठभर साखर टाकून परत नेलं.

एकटेपणा काय असतो ते मला त्या दिवसांत समजलं. लग्न होऊन आले तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा गल्ली भरलेली होती, नळावर भांडायला तरी बाया होत्या. आता नळ सुटायचा आणि माझी एकच बादली. कारखान्यांची खटखट बंद पडलेली. एरवी त्या आवाजाने डोकं उठायचं, मी रोज त्याला बोल लावायची, पण तो नाही म्हटल्यावर कान नुसते काहीतरी शोधत राहायचे. मोठ्या रस्त्याला फटाके वाजायचे, ते ऐकून पोरं गॅलरीत पळायची. मुख्य दिवाळीच्या संध्याकाळी मी पणत्या लावल्या. पूर्ण गल्लीत आमचं एकच दार उजळलेलं, बाकी सगळ्या दारांना कुलपं. मनीषाने विचारलं, दुसऱ्यांच्या दारात पण लावू का? लाव म्हटलं. मग आम्ही तिघांनी कमलच्या दारात, पलीकडच्या दारात, तेल होतं तोवर पणत्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी गुजरात्यांचं नवीन वर्ष. पहाटेच कोणीतरी मीठ विकत गेलं, वर्षाच्या पहिल्या दिवशी मीठ घेणं चांगलं असतं त्यांच्यात. बाने माझ्यासाठीही घेतलं आणि साल मुबारक म्हणून माझ्या हातावर ठेवलं. मी तिच्या पाया पडले, आणि पाया पडताना अशी रडले की ती घाबरली. तिला वाटलं ह्यांचं आणि माझं भांडण झालंय.

फोन करावा तर कुठे? गावात एकच फोन, ग्रामपंचायतीत, आणि तिला दिवाळीत कुलूप.

भाऊबीज उजाडली. वर बाच्या घरी ओलपाडहून तिचा भाऊ आला, सत्तरीचा असेल, काठी टेकत जिना चढला. वरून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी ताट तयार केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. दुपारची गाडी येऊन गेली असणार, संध्याकाळचीही आली असणार, कोणी आलं नाही. दिवस मावळला तशी बा खाली आली. ज्या बाईला भाऊ नाही किंवा जिचा भाऊ यायचाच नाही, ती आमच्यात चंद्राला ओवाळते. बीजेची कोर असते, बारीक, दिसली न दिसली तोच मावळते. मनीषाला हे कमलच्या पोरीने सांगितलं असावं. ती गॅलरीतून म्हणाली, मम्मी लवकर ये, चांदोमामा चालला.

मी ताट घेऊन गॅलरीपर्यंत गेले. कोर दिसत होती. निरांजन पेटलेलं होतं. आणि मला हात वर करवेना. एकदा चंद्राला ओवाळलं की झालंच की, मी कबूलच केलं की मला भाऊ नाही. पप्पू पदर ओढत होता, मनीषा म्हणत होती ओवाळ ना. मी तशीच उभी राहिले आणि कोर पलीकडच्या गच्चीमागे गेली. मग मी फुंकर घालून दिवा विझवला आणि पोरांना भात वाढला.

बा तिथेच पायरीवर बसून होती. तिला सगळं माहीत होतं, आदल्या दिवशी तिच्यापुढे रडून मग मीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "भाई ना आवे तो बेन जाय. एमां शुं?" भाऊ नाही आला तर बहिणीने जावं, त्यात काय एवढं. इतक्या सहज म्हणाली की मला तिचा रागच आला. आमच्यात असं नसतं, म्हणाले. ती म्हणाली, तुमच्यात काय असतं ते मला नको सांगू, तुझ्या पोरांचे कपडे बघ, घालून घालून चुरगळले.

सकाळी मी ह्यांना म्हटलं, आम्हाला गाडीत बसवून द्या. ते जाऊन रिक्षा घेऊन आले. गाडी जवळजवळ रिकामी होती. जाणारे केव्हाच गेले होते. पोरं खिडकीपाशी खूश. मी कुठल्या तोंडाने पायरी चढणार होते? मायचं म्हणणं मी मोडत होते, आणि ते मोडताना ओरडायला माय नव्हती. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं, तसं मी ठरवत गेले की बापूला असं बोलायचं, तसं बोलायचं, जन्मभर लक्षात राहील असं बोलायचं.

आमच्या गावाच्या स्टेशनाला, नरडाण्याला, उतरलो. फलाटावर कोणी नाही. चहावाल्याकडे पोरांसाठी बिस्किटं घ्यायला गेले तर तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बापूचं नाव घेऊन विचारलं, तुम्ही त्याची बहीण ना, सुरतची? मी हो म्हटलं. तो म्हणाला, अहो, तो धनतेरसपासून रोज बैलगाडी घेऊन येतो. सुरतेकडून येणारी एक गाडी सोडली नाही त्याने. काल भाऊबीजेला शेवटची गाडी गेल्यावर इथे बाकड्यावर बसला होता, मी दुकान बंद केलं तरी उठेना.

गाडीत जमवलेलं एकही वाक्य मला त्यानंतर आठवलं नाही.

टांग्याने गावात पोचलो. बापू ओट्यावर बसला होता, बैलांच्या शिंगांना अजून रंग होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि उठलाच नाही. पप्पूने जाऊन त्याच्या गुडघ्याला मिठी मारली तेव्हा त्याला रडू फुटलं. म्हणाला, रिकामी गाडी रोज गावातून परत न्यायचो ताई, बाया विचारायच्या, बहीण कुठे आहे रे, आली नाही का, आणि मी खाली मान घालून जायचो. मला वाटलं माय नाही म्हणून आता तू येणारच नाहीस.

मी म्हटलं, अरे, मुराळी दारापर्यंत येतो. सुरतपर्यंत येतो. काका नव्हते का येत?

काका जायचे हे त्याला माहीत होतं, पण त्यांच्या जागी आता आपण जायचं, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. काका सकाळी शेतावर गेल्यासारखे जायचे आणि दोन दिवसांनी आम्ही स्टेशनावर उतरायचो, तेव्हा बैलगाडी घेऊन यायला हा असायचा. त्याचं न्यायला येणं तिथूनच सुरू होत होतं. आधीचं काही त्याने पाहिलं नव्हतं आणि कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

"माय व्हती तव्हय ती धाडे काकाले," तो म्हणाला. "माले कोन धाडी?"

मायच धाडायची, हे मीही कधी मनात आणलं नव्हतं. मुराळी येतो म्हणजे कोणीतरी घरात बसून त्याच्या मागे लागलेलं असतं, जा रे, पोर वाट बघत असेल, म्हणून. ते माणूस गेलं की बाकी सगळे जागच्या जागी राहतात. प्रेम असतं, बैलगाडी असते, फक्त धाडणारं कोणी नसतं. मी त्याच्याजवळ ओट्यावर बसले आणि म्हटलं, "मी धाडसू."

तो हसला. त्याला वाटलं मी त्याची समजूत काढते आहे. मग मी घरात जाऊन पाट मांडला आणि एक दिवस शिळी भाऊबीज केली.

आता पोरं मोठी झाली आणि सुरतची झाली. मनीषाला अहिराणी कळते पण बोलता येत नाही, पप्पूला कळतही नाही. गावाला चला म्हटलं तर त्यांना सुट्ट्या मोजाव्या लागतात, त्याचंही मला वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. तुम्ही जे तिकडे गावाला राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही शहरात जाऊन माहेर विसरलो. आणि तुम्ही ज्या माझ्यासारख्या इकडे आलात, तुम्हाला माहीत आहे दिवाळीच्या आधी दाराकडे किती वेळा नजर जाते ते.

दसरा झाला की मी बापूला निरोप धाडते. आधी कोणाच्या तरी हाती धाडायची, नंतर घरात फोन आला. मी म्हणते, "बापू, तुझी बहीण सुरतेला आहे, तिला न्यायला जा. वाट बघत असेल." तो म्हणतो, हो, जातो. फोन ठेवला की थोडा वेळ मी पदर डोळ्याला लावून बसते. मग उठते, पिशवी भरते, आणि कोणी आपल्याला न्यायला येणार म्हणून दार उघडं ठेवते.