हुजूरांची काच
रॉकेलचा आणि तापल्या पत्र्याचा वास आला, की मला हिंगोलीच्या शाळेतली ती खोली आठवते. निजामी अमलातले दिवस. खिडक्यांना घोंगड्या टांगून एक साहेब आम्हा खेड्यांतल्या मास्तरांना काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा जादूचा कंदील चालवायला शिकवत होते. "काच उलटी घाला, म्हणजे भिंतीवर चित्र सुलटं पडेल." पहिलीच काच निघाली हुजूरांच्या, म्हणजे खुद्द निजामांच्या तसबिरीची. साखऱ्याचे म्हातारे मास्तर अडले. "हुजूरांचं डोकं खाली? न्हाई जमायचं, सायेब." त्यांनी ती सरळच घातली, अन् भिंतीवर हुजूर डोक्यावर उभे! मास्तरांची नोकरी गेलीच म्हणायची. मास्तरांनी मात्र वाकून कंदिलाला सलाम केला आणि "गुस्ताखी माफ, हुजूर," म्हणत काच उलटी केली. आधी साहेबच खदखदून हसले, मग आम्ही सगळे. आजही नातीच्या शाळेत प्रोजेक्टर लागला, की माझा हात आधी सलामासाठी कपाळाकडे जातो.