नानांचा एकच तंबू

आधी काम उरकायचं आणि मग परवानगी मागायची, ही माझ्या थोरल्या काकांची, म्हणजे नानांची रीत. एकदा आम्ही बाजारातून घरी आलो तर आमचं दार पोपटी झालेलं. नाना ब्रश पुसत उभे. "चलात मा?" त्यांनी बाबांना विचारलं. रंग अजून ओला होता. चालत नाही म्हणून सांगतो कुणाला!

चारकोपला आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. गिरणी बंद पडल्यावर नाना बरेच महिने घरी बसून होते. तेव्हा दोन्ही घरांची चूल एकच, आमची. पुढे त्यांना एका कारखान्यात टेम्पो चालवायचं काम मिळालं आणि सगळं मार्गी लागतंय म्हणेपर्यंत गणपतीच्या जेवणात आई बोलून गेली, "वहिनी, सोलकढी पातळ झालीय." झालं! काकूने बोलणंच टाकलं. मग आईनेही टाकलं. मधे मी.

"तुझ्या आवशीक सांग, नळ इलो."

"काकूला म्हणावं, मला दिसतंय."

दोघी हाताच्या अंतरावर उभ्या असायच्या. नानांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. काकू भांडी आपटायची, आई दार.

आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी दारात टेम्पो. त्यात पातेली, चटया, तांदूळ, सुकट, सगळं भरलेलं. "चला, नदीवर र्‍हवाक जाव्या." कर्जतच्या पुढे नदीकाठी नवं उद्यान झालं होतं, तिथे तंबू ठोकून राहता यायचं.

"मालकाला विचारलंत का टेम्पोचं?" बाबांनी विचारलं.

"सोमवारी इचारतंय."

नदीवर पोचल्यावर कळलं, तंबू एकच आहे. मंडपाच्या जुन्या कापडाचा, नानांनी स्वतः शिवलेला. "बायका आत, आमी झाडाखाली," नाना म्हणाले आणि बांबू रोवायला लागले. इतरांना हातसुद्धा लावू दिला नाही. संध्याकाळी ऊन उतरलं. स्वयंपाकाआधी जरा पाठ टेकावी म्हणून आई तंबूत शिरली. तिच्यामागून काकूही, बाहेर राहिली असती तर माघार घेतल्यासारखं झालं असतं. दोघी पाठीला पाठ लावून आडव्या झाल्या.

तेवढ्यात नदीवरून वारा सुटला. तंबू एकदा फुगला, हललाच जरा, आणि बांबूसकट दोघींच्या अंगावर बसला.

"अगो बाय माझे!" आतून काकू ओरडली.

"वहिनी, पाय काढा माझ्या पोटावरचा!"

"माझो पाय न्हय तो, बांबू असा!"

कापडाखाली नुसती धडपड. बाबा कापड उचलायला धावले. नानांनी त्यांचा हात धरला. "थांब रे. बोलतत ती."

आत आधी शिव्या ऐकू आल्या, बहुतेक नानांना. मग हसू. काकूचं हसू एकदा सुरू झालं की थांबत नसे. पण ते थांबलं, आणि ती रडायला लागली. "तुझ्या घरचा खाल्लंव, म्हणान तू माका चार माणसांत बोललंस, असा वाटला गो."

मग आईचा आवाज आला, "तुमच्या पायाची शपथ वहिनी, असं मनातसुद्धा नव्हतं. सोलकढी खरंच पातळ होती हो!"

पुन्हा हसू. आता दोघींचं.

नाना पाठ फिरवून नदीकडे बघत बसले. बाबांनी कापड उचललं तेव्हा दोघी विस्कटलेल्या केसांनी बाहेर आल्या. दोन्ही दिवस एकत्र जेवल्या, एकत्र धुणं धुतलं आणि नानांशी दोघींनी मिळून अबोला धरला. "मुद्दाम सैल रोवल्यानी बांबू," काकू आईला सांगत होती. नाना ना हो म्हणाले, ना नाही. सुकट मात्र दोनदा मागून खाल्ली.

पुढच्या काही वर्षांतच नाना गेले. कामावर, बसल्या जागी. स्मशानातून पुरुष परतले तरी काकू भिंतीला टेकून होती. कुणी पाणी पुढे केलं तरी तोंड फिरवत होती. शेजाऱ्यांनी पिठलंभात आणून ठेवला होता. आई तिच्याजवळ जाऊन बसली. काकू आईकडे वळली.

"सुमन, माका भूक लागली गो."

आईने ताट ओढलं आणि भात कालवायला घेतला.