डोक्याकडची दोरी

माझ्या भावाला तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिलं असणार, पण आठवणार नाही. गुन्ह्यांच्या मालिकेत दारात उभा राहून 'इकडून या, साहेब' म्हणणारा जो हवालदार असतो ना, तो आमचा वॉटी. नाहीतर कोर्टातला कारकून, नाहीतर खेड्यातला पाद्री. एकदा तर तो नुसतंच प्रेत झाला होता. तेव्हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गुर्डन गावात, बंदरावर शेजारचा डॉड गावन्स त्याला म्हणाला, "वॉटी, आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं काम! एक शब्द चुकला नाहीस."

वॉटी हसला. हसण्यात तो कधी मागे नव्हता.

त्याला हे वेड आईने लावलं. बाबांच्या होडीचे गळ आम्ही बायका मागच्या शेडमध्ये बसून भरायचो. शिंपला फोडायचा, मांस गळाला लावायचं, दोर पाटीत वेटोळं करून ठेवायचा, पुढचा गळ. बोटं बधीर होऊन जायची. वॉटी दारात उभा राहून रविवारच्या प्रवचनाची नक्कल करायचा आणि आई इतकी हसायची की एकदा गळ तिच्या अंगठ्यात घुसला. रक्त पुसत म्हणाली, "पुढे बोल रे, मेल्या." अशी आई मिळाल्यावर पोरगा मासे पकडतोय होय!

ग्लासगोला गेला, नाटक कंपनीत शिरला आणि पहिल्याच सुट्टीत नाव बदलून आला. वॉल्टर लाउनीचा वॉल्टर लॉर्न. मॅनेजरला म्हणे लाउनी या नावाला मासळीचा वास येत होता. बाबा सूप पीत होते. चमचा खाली ठेवून म्हणाले, "त्याच वासावर वाढलास बाबा तू." आणि पुन्हा सूप प्यायला लागले.

आमच्याकडच्या नटाचं पोट भरतं ते हिवाळ्यात. नाताळापासून दोन महिने पोराबाळांसाठी गाण्यांची, धिंगाण्याची नाटकं चालतात. त्यात जाडजूड, भांडखोर बाईचं काम पुरुषाने करायचं असतं. ते वॉटी फार झकास करायचा. पोपटी झगा, गालावर लाली, कमरेला उशी. दिवसाला दोन खेळ. आई गेली ती अशाच एका जानेवारीत.

मी थिएटरवर फोन केला. वॉटी रडला, येतो म्हणाला. संध्याकाळी त्याचाच फोन आला. बदली नट तापाने पडला होता, मॅनेजर हातापाया पडत होता, थिएटर पोरांनी भरलेलं. "नेट, मला नाही गं येता येत."

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे मयताची पेटी घरच्या माणसांनी उतरवायची असते. प्रत्येकाच्या हातात एक दोरी. कोणती कुणाची ते आधी ठरतं, सुतार क्रायटन येऊन विचारून जातो. डोक्याकडची सगळ्यात जवळच्या माणसाची. बाप गेला तर थोरल्या मुलाची, बायको गेली तर नवऱ्याची, आणि मग मुलगा पायाकडे. पेटी तळाला टेकली की दोऱ्या आत सोडून द्यायच्या. आईच्या वेळी डोक्याकडे बाबा उभे राहिले. पायाकडची वॉटीची दोरी डॉडने धरली. त्या दुपारी वॉटी पोपटी झग्यात गाणं म्हणत होता.

बाबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे काही वर्षांनी वॉटीने सिनेमा काढायचा ठरवला. स्वतः लिहिला, स्वतःच दिग्दर्शक, आणि मुख्य कामही स्वतःचंच. कुणाचं? तर बाबांचं. एका कोळ्याचा जन्म, त्याची होडी, त्याची बायको, आणि शेवटी तिचं दफन. ते दफन बघायला तो नव्हता म्हणूनच त्याला ते काढायचं होतं, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. बाबांनाही कळलं. म्हणाले, "करू दे. तेव्हा आला नाही, आता येतोय."

सगळं गाव त्यात उतरलं. क्रायटनने पेटी केली. रिकामी पेटी मातीत उतरवायला कुणी तयार होईना, अपशकुन नको, म्हणून आत बटाट्याचं पोतं ठेवलं. दफनभूमीच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा खणला. गावातल्याच माणसांनी दोऱ्या धरल्या, डोक्याकडे बाबांचा कोट घातलेला वॉटी. मी भिंतीपाशी बाबांजवळ उभी होते. पेटी इतकी हळू आणि सरळ गेली की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोऱ्या आत पडल्या. बाबांनी टोपी काढली.

तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला, ढग आला म्हणून.

"परत एकदा," वॉटी म्हणाला. "वर घ्या."

कुणी हललं नाही.

"वर?" डॉड म्हणाला.

"अरे, बटाटेच आहेत!"

दोघं-तिघं हसले, नाइलाजाने. पेटी वर घेतली. मग कुठून तरी कुत्रा मध्ये आला, पुन्हा वर. मग वॉटीलाच आपला चेहरा पटला नाही, पुन्हा वर. आमच्या किनाऱ्यावर जे खाली गेलं ते वर काढत नाहीत. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? पण त्या घटकेला तो आमचा नव्हता, कॅमेऱ्याचा होता.

बाबा खड्ड्यापाशी गेले. टोपी परत डोक्यावर घातली.

"तुझ्या आईला तीनदा वर काढलंस," ते म्हणाले. "माझ्या वेळी डोक्याकडची दोरी डॉड धरेल. तू लांब उभा राहा. तिथून तुला चांगलं दिसेल."

सगळ्यांच्या देखत. वॉटीच्या अंगावर बाबांचाच कोट होता. तो काढावा की राहू द्यावा हेच त्याला कळेना.

सिनेमा चांगला झाला असं म्हणतात. कुठल्याशा परदेशी महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण वॉटीला आता एकच ध्यास लागला होता, ती दोरी परत मिळवायची. पहिलं काय केलं तर हिवाळ्यातली नाटकं सोडली. "बाबा जानेवारीत गेले तर?" मी म्हटलं, "वेड्या, ते धडधाकट आहेत, तू मात्र उपाशी मरशील." ऐकतोय कशाला! पुढचा सिनेमा नॉर्वेत, भर थंडीत काढायचा होता. तोही नाकारला. पोपटी झगा दुसऱ्याने घातला, आणि मॅनेजर लोकांना विसरायला किती वेळ लागतो? राहिलं काय, तर हवालदार. मी ही हिवाळ्याची गोष्ट बाबांना सांगितली. म्हणाले, "बरं झालं, झगा तरी सुटला." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

दर उन्हाळ्यात वॉटी यायचा. बाबांसमोर शेडमध्ये बसून गळ भरायचा, तेही इतके वाईट की त्याचे मला पुन्हा भरावे लागायचे. दोघं वाऱ्यावर बोलायचे, मासळीवर बोलायचे, फुटबॉलवर तर भांडायचे. मग मी भांडी घासत असले की वॉटी येऊन फडकं हातात घ्यायचा.

"नेट, काही बोलले का?"

"हॅडॉक मासा महाग झालाय म्हणाले."

"तसं नाही गं."

"कळतं मला, कसं ते."

मग एका मार्चमध्ये तो सिनेमा टीव्हीवर लागला, रविवारी दुपारी. बाबा नव्वदीला टेकलेले. टोपी घालून खुर्चीत बसले, जसे चर्चला निघालेत. मला धाकधूक होती की शेवटाला उठून जातील. उठले नाहीत. पेटी उतरायला लागली तसे ते पुढे वाकले.

"हात बघ त्याचे," म्हणाले. "झटका नाही. बघ कसा सोडतोय."

सिनेमा संपल्यावरही पडद्याकडेच बघत राहिले.

"येतं त्याला," शेवटी म्हणाले. "धरू दे त्यालाच."

मला रडूच आलं. "मग सांगा ना त्याला, बाबा!"

"उन्हाळ्यात येईल ना."

"घरात फोन आहे!"

"असलं तारेवरून सांगायचं असतं का गं? माणसासमोर उभं राहून सांगावं."

संध्याकाळी वॉटीचाच फोन आला. "पाहिला का त्यांनी?" मी रिसीव्हर बाबांच्या कानाला लावला. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलतील.

"पाहिला," म्हणाले. "फार वारा होता रे त्या दिवशी." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मे महिन्यात ग्लासगोला, राहत्या जागेच्या जिन्यातच वॉटीचं हृदय थांबलं. साठीसुद्धा गाठली नव्हती. लग्न नाही, मूलबाळ नाही. क्रायटन घरी आला, हातात टोपी घेऊन उभा राहिला. विचारावं कसं हे त्या बिचाऱ्याला सुचेना. बाबाच म्हणाले, "डोक्याकडे मी."

दफनभूमीत मी त्यांच्या कोपराला धरून उभी होते. डॉडही आता म्हातारा झालेला. तो पलीकडून म्हणाला, "जेम्सकाका, भार पेलणार नाही तुम्हाला. मी मागून धरतो."

"हात लावू नकोस."

पेटी खाली जाऊ लागली. बाकीचे सोडत होते, बाबांची दोरी मात्र सुटेना. डोक्याची बाजू वरच राहिली. क्रायटनने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कुणी घाई केली नाही. बाबांची बोटं पांढरी पडली होती, ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणतायत. मी कान जवळ नेला.

"तुझीच होती रे," ते म्हणत होते. "तुझीच होती. सांगणार होतो."

मग त्यांनी हळूहळू दोरी सोडली. पेटी टेकली. सगळ्या दोऱ्या आत पडल्या, शेवटी त्यांचीही. रिकामे तळहात त्यांनी कोटाला पुसले आणि माझ्याकडे वळले.

"आणि नेटी, माझी आता कोण धरणार गं?"