पिवळ्या रेघांचं पान

मला पूर्ण झाड काढता येत नाही. हे मी नम्रपणाने सांगत नाही, खरंच येत नाही. भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात फायली हाताळण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर जलरंग हातात घेतले तेव्हा पहिल्या महिन्यातच कळलं की लांबून दिसणारं आपल्या हातून साधायचं नाही. मग मी जवळ सरकलो. कडुनिंबाच्या सालीचा चार बोटांएवढा तुकडा, बाभळीच्या काट्याचं बूड, पळसाच्या पानाला किड्याने पाडलेलं भोक. तळहाताएवढा कागद, बारीक कुंचला आणि बसायला घडीचं स्टूल, एवढ्यात माझं भागायचं. हळूहळू मला त्याचा गर्वही चढला. लोकांच्या नजरेतून सुटतं ते मला दिसतं, असं मी चारचौघांत बोलून दाखवायला लागलो.

माझी थोरली बहीण यावलजवळच्या एका गावात दिलेली. आई लवकर गेली, म्हणून मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी नवरीच्या गाडीमागे धावलो होतो म्हणे. अक्का आणि दाजींची सव्वा एकर केळी आहे. मुलं पुण्याला, त्यामुळे शेत दोघांच्याच अंगावर. दाजींना माझ्या चित्रांची गंमत वाटते. माझ्या खांद्यावरून वाकून पाहत ते एकदा म्हणाले, "अख्खं झाड नही मावत का रे तुझ्या कागदात?" मी म्हटलं, "झाड तुम्ही लावा, पान माझ्याकडे सोपवा." हसले बिचारे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी त्यांच्याकडे आठ दिवस राहायला गेलो. नवी रोपं गुडघ्याएवढी झाली होती. आभाळ सतत भरलेलं, ऊन नावाला नाही. बांधाकडच्या तिसऱ्या ओळीत मला एक रोप सापडलं. त्याच्या पानावर शिरांच्या बाजूबाजूने फिकट पिवळ्या रेघा उठल्या होत्या, मधे हिरवा, परत पिवळा, कुठे दोन्ही एकमेकांत विरघळलेले. इतकं देखणं पान मी तोवर पाहिलं नव्हतं. लगेच स्टूल टाकून बसलो.

जलरंगात आधी फिकट रंग द्यावा लागतो. पिवळा थर नीट वाळला की मगच त्यावर हिरवा चढवायचा. घाई केली तर दोन्ही मिसळून चिखल होतो. आणि त्या ओलसर हवेत कागद काही वाळेना. पहिल्या दिवशी नुसता पिवळा झाला.

संध्याकाळी जेवताना दाजी सांगायला लागले की नाल्यापलीकडच्या मळ्यात हरण्या आलाय. केळीच्या मुलखात जन्म काढून या रोगाचं नाव मी शंभरदा ऐकलेलं. पण आपल्याला काय करायचंय म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं. "पानावर पिवया रेघा येतात," दाजी अक्काला म्हणाले, "मंग मधला कोवळा पोंगा आखडतो. मावा किडा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो त्याले. दिसलं की त्याच दिवशी उपटून गाडायचं, दुसरा इलाज नही."

मला कळलं होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण नंतर मी स्वतःलाच पुष्कळदा सांगून पाहिलं की तेव्हा नक्की कळलं नव्हतं. कळलं होतं.

दाजींचा गुडघा तेव्हा फार दुखायचा. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्ध्या ओयी मी पाह्यल्या आज. बांधाकडं तूच बसेल राहतो दिवसभर. तिकडं काही दिसलं का?"

"नाही दाजी," मी म्हणालो, "तिकडे सगळं हिरवंगार आहे."

का म्हणालो? सांगितलं असतं तर ते ताट सारून उठले असते आणि बॅटरी घेऊन शेतात गेले असते. माझ्या पानाचा नुसता पिवळा थर झाला होता. उद्या हिरवा चढवू आणि उद्याच सांगू, असा मी मनाशी हिशेब केला. एका दिवसाने काय बिघडतंय. इतका क्षुद्र हिशेब मी उभ्या नोकरीत केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिरवा अर्धाच बसला. तिसऱ्या दिवशी भुरभुर आली आणि कागद झाकून बसावं लागलं. तोवर शेजारच्या दोन रोपांवरही रेघा दिसायला लागल्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि माझ्या पानातल्या रेघांशी ताडून पाहिल्या. माझ्या पानातल्या जास्त सुंदर होत्या. चौथ्या दिवशी चित्र पुरं झालं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं चित्र. आता सांगायचं तर चार दिवस का गप्प होतास, याचं उत्तर द्यावं लागणार. मी कागद वहीत ठेवला, एक दिवस आधीच निघतो म्हणालो आणि भुसावळची बस पकडली. अक्काने बरोबर मुगाचे लाडू बांधून दिले.

आठवडाभराने तिचा फोन आला. माणसं मिळत नाहीत, येतोस का. गेलो. बांधाकडून मधोमधपर्यंत रोपं पिवळी पडली होती. आम्ही तिघं आणि दोन बाया, दोन दिवस रोपं मुळासकट उपटत होतो, पोत्यांत भरत होतो, लांब खड्ड्यात नेऊन टाकत होतो. माझं रोप मीच उपटलं. त्याच्या खालच्या पानाची प्रत्येक रेघ मला पाठ होती. पोतं ओढताना अक्का एकदाच थांबली आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिली. निम्मा तुकडा मोकळा झाला होता. उन्हातान्हात राबून तिने ती रोपं पोरासारखी वाढवली होती. आता परत लावायची म्हणजे हंगाम हुकला. रात्रीच्या जेवणाला दाजी तिला म्हणाले, "भाऊ पाह्य तुझा. या वयात मातीत राबला आपल्यासाठी." मी खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिलो. दोघांना वाटलं थकलो आहे.

चार दिवस आधी ते एक रोप काढलं असतं तर बाकीची वाचली असती का? मी एका कृषी सहायकाला हे विचारलं, अर्थात दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून. तो म्हणाला, "सांगता येत नाही काका." हे 'सांगता येत नाही' मी किती दिवस छातीशी धरून बसलो होतो, ते आठवलं तरी माझी मलाच किळस येते.

एवढ्यावर तरी ते चित्र मी फाडून टाकायला हवं होतं. नाही फाडलं. हिवाळ्यात जळगावला आम्ही पाच-सहा हौशी लोकांनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. त्यात ते लावलं, खाली चिठ्ठी लिहिली, 'पानातलं ऊन'. लोक त्याच्यासमोर थांबायचे. एका बाईंनी विचारलं, हा पिवळा कसा साधलात हो. मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं.

अक्का येईल असं वाटलंच नव्हतं. ती एकटी बस पकडून आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. भावाची चित्रं भिंतीवर लागली म्हणून आली. एकेका चित्रापुढे उभी राहून मान हलवत होती. त्या चित्रासमोर मात्र मान हलायची थांबली. चष्मा काढून तिने पदराने पुसला, परत लावला.

"हे बांधाकडलं आहे न?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"किती दिवस लागले काढायले?"

"चार."

ती चित्राकडेच पाहत होती. "तुले माहीत व्हतं का रे, हे काय आहे ते?"

आयुष्यात मी अक्काशी खोटं बोललो नव्हतो. दाजींशी बोललो होतो, ते तिच्यासमोर, पण तिच्याशी नाही, असं काहीतरी मूर्ख माझ्या डोक्यात आलं. मी होय म्हणून मान हलवली. उरलेली चित्रंही पाहिली तिने, एकही न सोडता. मग मला म्हणाली की चारची बस आहे, आणि तिच्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी माझ्या हातात दिली. बसस्टँडवर सोडायला जाताना मी दोनदा तोंड उघडलं. "ह्यायले सांगू नको," एवढंच ती म्हणाली. "त्यायचा लई जीव आहे तुझ्यावर."

यंदा परत त्यांनी पूर्ण तुकडा लावला. श्रावण लागल्यावर दाजींचाच फोन आला. गुडघा आता अगदीच वाकत नाही, तुझी नजर बारीक आहे, येऊन एकदा बाग पाहून दे. नाही कुठल्या तोंडाने म्हणू? रंग घरीच ठेवून गेलो.

दाजी बांधावर खाट टाकून बसले होते. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक रोपाशी वाकायचं, वरची-खालची पानं उलटून पाहायची, पोंगा बोटाने चाचपायचा, मग पुढे. जिवावर बेतल्यासारखा पाहत होतो. तीन ओळी झाल्या, कुठे काही नव्हतं. चौथ्या ओळीच्या टोकाला कंबर सरळ करायला उभा राहिलो आणि मागे वळलो.

अक्का तिसऱ्या ओळीत होती. मी नुकतीच पाहिलेली रोपं ती वाकून, एकेक पान उलटून, परत पाहत येत होती.