अप्पांचं पुरं रीळ

चूक माझी आहे, म्हणून तीच आधी लिहितो. अप्पांचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ मी तीस सेकंदांचा केला आणि मूळ पुसून टाकला. अप्पांना जाऊन आता महिना झाला. बातमीचा फोन आला तेव्हा मी एका लग्नाचं शूटिंग करत होतो... कॅमेरा बंद केला नाही.

तरुणपणी अप्पा जत्रेतल्या तंबू टॉकीजची मशीन चालवायचे. तंबू गेले, अप्पा परंड्यातच राहिले. म्हातारपणी मुलीनं मोबाइल दिला आणि ते स्वतःच त्यावर चित्रं, म्हणजे व्हिडिओ, काढू लागले. फोन कुठंतरी टेकवायचा आणि हलवायचा नाही. कुर्डुवाडीची गाडी येईपर्यंतचा रिकामा बाक, असलं काही. जुन्या रिळाएवढा वेळ, अकरा मिनिटं, झाला की बंद. मला त्यात काही दिसायचं नाही. तरी एकदा म्हणालो, "अप्पा, माझ्या चॅनेलसाठी एक रील द्या." त्यांनी ऐकलं 'रीळ'. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या फोटोच्या दुकानात आले. "घे. पुरं रीळ हाय."

त्यात काकू, अप्पांची बायको, वाकळ शिवायला बसल्या होत्या. सुईत दोरा जात नव्हता. थुंकी लावायच्या, पुन्हा चुकायच्या. शेवटी ओवला, आणि त्या अप्पांकडं बघून हसल्या. मी सगळं चुकणं कापलं, वर गाणं लावलं. अप्पांच्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तिथला मूळ व्हिडिओ पुसला, मग माझ्याकडचाही. रील खूप चालली. अप्पांनी ती माझ्या दुकानात उभ्यानं पाहिली.

"चुकल्यालं कुठंय?"

"काढलं. एवढं कोण बघतंय, अप्पा?"

"म्या बघत हुतो की." मग हळूच म्हणाले, "लई मानी हाय ती. ओवून दे म्हणायची न्हाय. म्या बी गप बसलो. ते हुतं त्यात... माझं रीळ दे."

मी म्हणालो, "शोधतो." दोन वर्षं तेच म्हणत राहिलो. अप्पांनी पुन्हा फोन कुठं टेकवला नाही. दुकानावरून जाताना आत बघायचंही सोडलं. तंबूतलं चित्र मोबाइलमध्ये सगळ्यांनीच आणलं. त्यातलं थांबणं फक्त अप्पांनी आणलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

परवा काकूंकडं गेलो. घरात त्या एकट्याच. मला बघून म्हणाल्या, "घावलं का रं ते? वर गेल्यावर पयलं त्येच इचारत्याल मला."

"काकू, ते हरवलं नव्हतं. मी पुसलं होतं. अप्पांशी दोन वर्षं खोटं बोललो. मला माफ करा."