देवाखालचे बूट

प्लेनोमधल्या आमच्या घरात राहायचो तिघंच, पण दारातली पादत्राणं बघून कोणालाही वाटावं की आत साखरपुडा चालू आहे. मी, बायको मेधा आणि आठ वर्षांची सई. गॅरेज सामानाच्या खोक्यांनी भरलेलं (ती खोकी कधी उघडणार, हा वेगळ्या भांडणाचा विषय), त्यामुळे सगळे पुढच्या दारानेच आत यायचे आणि दारातच पायातलं भिरकावून पुढे जायचे. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी अडखळायचो, आणि अडखळलो की ओरडायचो.

"घर आहे की धर्मशाळा?"

"सगळ्यात वरचा बूट तुझाच आहे," मेधा आतून सांगायची. न बघता.

त्यातच नागपूरहून आई यायची ठरली. नवीन घर ती पहिल्यांदाच बघणार होती. या बाईने माझं सगळं लहानपण दारातल्या चपलांवरून मला फैलावर घेण्यात घालवलेलं. कॉलेजात गेलो तरी, नोकरीला लागलो तरी, चपला वाकड्या म्हणजे मी वाकडा. तिने आमच्या दारात उभं राहून एकदा तरी 'छान' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

मग मी टेप घेऊन दारातली जागा मोजली. भिंतीला लागून मेपलचा लांब बाक. बाकाला वरून उघडणारं झाकण, आत सगळे बूट. वर कोटांसाठी पितळी हूक, किल्ल्यांसाठी एक छोटा हूक, आणि लेस बांधताना नीट दिसावं म्हणून एक मंद दिवा. कित्येक शनिवार-रविवार मी त्यात घातले. बोट दोनदा ठेचलं. पॉलिश असं केलं की त्यात तोंड दिसावं.

आईला फोनवर सांगितलं, "तुझ्यासाठी दारात एक वस्तू केलीय. काय ते सांगत नाही, आलीस की बघ."

"सरळ सांग ना, चपलांचा बाक केलाय म्हणून," मेधा म्हणाली.

"सरप्राइज आहे ते."

आई आली शुक्रवारी. एअरपोर्टला जाण्याआधी घरातले सगळे बूट मी बाकात कोंबले आणि एअरपोर्टला बाथरूम स्लिपर घालूनच गेलो. बुटांसाठी झाकण पुन्हा उघडायची माझी हिंमत नव्हती, इतकं ते भरलं होतं. आईने सवयीने चपला बाहेरच काढल्या, पेंगुळलेल्या डोळ्यांनी आत आली आणि झोपली.

शनिवारी सकाळी घंटेच्या आवाजाने मी उठलो. खाली येऊन बघतो तर बाकावर लाल कापड. त्यावर नागपूरहून आणलेला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, निरांजन. किल्ल्यांच्या हुकाला घंटी. कोटाच्या हुकाला जपमाळ. आणि मी लेससाठी लावलेल्या दिव्याखाली आई हात जोडून बसलेली.

"किती सुरेख देवघर केलंस रे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी. "पूर्वेला तोंड, वर दिवा, घंटीला हूकसुद्धा. तुझे बाबा हवे होते बघायला."

मेधाने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"आत्ताच्या आत्ता सांग."

"तू सांग."

"आई तुझी, बाक तुझा, सरप्राइज तुझं. मी का सांगू?"

मला मेधाचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं. आईचाही आला. अख्खं घर सोडून तिला दारातच देव मांडायचे होते? सगळ्यात जास्त राग आला त्या बाकाचा. इतका देखणा दिसायची त्याला काही गरज नव्हती.

तेवढ्यात सई जिन्यावरून उतरली. सॉकरचा ड्रेस, पायात नुसते मोजे. दहाला तिची मॅच होती.

"बाबा, व्हेअर आर माय शूज?"

"शू!"

"आय नो व्हेअर दे आर. दे आर अंडर गॉड."

आईला इंग्रजी फारसं कळत नाही. नेमके 'शूज' आणि 'गॉड' कळले. ती उठली. एकेक देव उचलून ताम्हनात ठेवला, कापड काढलं आणि झाकण वर केलं. आतून माझे जिमचे बूट जमिनीवर आले. पाठोपाठ वासही आला.

"चपलांवर देव बसवलेस माझे?"

"मी नाही, तू बसवलेस," मी ओरडलो. होय, सातासमुद्रापलीकडून आलेल्या आईवर, पहिल्याच सकाळी. "जन्मभर दारातल्या चपलांवरून तूच बोलत होतीस ना मला? तुझ्यासाठीच केलं हे सगळं."

आई शांतपणे म्हणाली, "तुमचे देव कुठे आहेत?"

मी मेधाकडे बघितलं. मेधाने छताकडे बघितलं. सईने खरं ते सांगितलं, "पँट्रीमध्ये. सिरियलच्या बाजूला."

"चपलांना पॉलिश केलेलं घर, आणि देव कॉर्नफ्लेक्सशेजारी," आई म्हणाली.

सईच्या मॅचला आम्ही उशिरा पोचलो. दुपारपर्यंत मेधाची काचेची भांडी डायनिंग रूमच्या कपाटातून हलली आणि तिथे दोन्ही घरांचे देव बसले. राहिला बाक. त्यावर आईने निकाल दिला. चपला होत्या तिथे आता देव नकोत, आणि देव बसले होते तिथे आता चपला नकोत.

"मग त्यात ठेवू काय?"

"तुझी ती करवत, हातोडी ठेव. फार हौस आहे ना."

सोमवारी ऑफिसातून आलो. हत्यारं मेपलच्या बाकात, बूट जमिनीवर. मी अडखळलो.

"घर आहे की धर्मशाळा?"

"वरचा बूट तुझाच आहे," आई म्हणाली. शेजारच्या बागेत फिरून ती नुकतीच आली होती आणि बाकावर बसून पाय चोळत होती. "पण बाक छान केलास हो. चपला काढायला टेकता येतं."

असं म्हणून तिने पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या बुटावर टाकल्या. 'छान' शेवटी मिळालं होतं. मी तिच्याशेजारी बसलो, बूट काढले आणि तिच्या चपलांवर भिरकावले.